‘आतला’ म्हणजे नेमका कुठला? शरीररचना शिकताना अडलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वैद्यकीय अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष. डिसेक्शन हॉलमधल्या, म्हणजे जिथे मृतदेहाचं विच्छेदन करून शिकतात तिथल्या, एका टेबलावर आठ विद्यार्थी, आणि त्या टेबलाची ट्यूटर मी. हे प्रकरण त्यांच्यातल्या एका मुलीचं. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदललेही आहेत. शरीररचनेचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण सगळा गुंता त्यांच्यातच होता.

मुलगी अभ्यासू. तिची शाळा मराठी माध्यमातली, त्यामुळे पहिल्या महिन्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी तिने बरीच झटापट केली आणि जिंकलीही. प्रत्येक स्नायूसाठी तिच्या वहीत एक तक्ता होता: उगम कुठे, निवेश (दुसरं टोक जिथे जोडलेलं ती जागा) कुठे, नर्व्ह (चेता) कोणती, काम काय. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, आकृती तर ती मिनिटाभरात काढायची. पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि मग शाखा. अप्पर लिंबच्या, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताच्या, लेखी परीक्षेत तिला १०० पैकी ७४ मिळाले, म्हणजे टेबलावर दुसरा नंबर.

चार दिवसांनी स्पॉटरची परीक्षा झाली. २० स्टेशन, प्रत्येकी एक मिनिट. टाचणीला बांधलेला दोरा ज्या भागावर असेल त्याचं नाव लिहायचं आणि बेल वाजली की पुढे सरकायचं. तिची ६ उत्तरं बरोबर आली.

अडचण

एवढा फरक पडला की शिक्षक सहसा दोन गोष्टी बोलून मोकळे होतात: ‘पाठांतर केलंय, समजलेलं नाही’, नाहीतर ‘परीक्षेत घाबरली’. मी दोन्ही बोलून घेतल्या. दोन्हीत थोडं तथ्य होतं, पण उपाय सुचेल असं दोन्हींत काहीच नव्हतं.

तिच्या उत्तरपत्रिकेतली एक चूक मात्र माझ्या डोक्यातून जाईना. अकराव्या स्टेशनवर मनगटाच्या जरा वर, तळहाताच्या बाजूला, मधोमध असलेल्या एका पांढरट दोरीवर टाचणी होती. ती मिडियन नर्व्ह होती. तिने लिहिलं, ‘पामारिस लाँगसची कंडरा’, म्हणजे त्या नावाच्या स्नायूची दोरीसारखी शेवटची पट्टी.

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शस्त्रक्रियेत दुसरीकडे जोडण्यासाठी पामारिस लाँगसची कंडरा काढायची, आणि तिच्याऐवजी मिडियन नर्व्हच काढली जायची, अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. दोन्ही जवळजवळ आणि मधोमध असतात. त्यात पामारिस लाँगस काही माणसांत एका किंवा दोन्ही हातांत नसतोच. आमच्या त्या नमुन्यातही नव्हता. मधोमध एकच दोरी दिसली, आणि ‘मधोमध असते ती पामारिस लाँगस’ हे तिला पाठ होतं.

ज्यांनी डिसेक्शन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. चित्रांच्या पुस्तकात धमनी लाल, शीर निळी आणि नर्व्ह पिवळी असते. फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या देहात सगळंच राखाडी-तपकिरी दिसतं. तिथे ओळख पटते ती बोटांना. धमनी बोटांत घोळवली तर जाड भिंतीची नळी लागते. शीर चपटी पडलेली असते, कधी आत गोठलेलं रक्त काळपट दिसतं. नर्व्ह भरीव दोरीसारखी, पोकळी नसलेली. कंडरा चमकदार आणि ताठ, आणि वरच्या टोकाकडे मागोवा घेत गेलं की तिचा मांसल स्नायू होतो. मिडियन नर्व्हचा तसाच मागोवा घेतला तर ती बोटं वळवणाऱ्या दोन स्नायूंच्या थरांमधून कोपराकडे निघून जाते, स्नायू काही होत नाही. तिने हा मागोवा घेतलाच नव्हता. का नाही घेतला, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

पहिला निर्णय आणि वाया गेलेले दोन आठवडे

मी तिला जास्त वेळ दिला. कॉलेज सुटल्यावर तासभर हॉल उघडा ठेवायचा आणि तिने बघत बसायचं. सोबत मोबाइलवरचं त्रिमितीय ॲप आणि फ्लॅशकार्ड. तिने पाचशेच्या आसपास कार्डं केली. दोन आठवड्यांनी मी दहा स्टेशनची छोटी चाचणी घेतली. ४ बरोबर. टक्केवारीत थोडी वाढ, पण मेहनतीच्या मानाने काहीच नाही.

हा निर्णय का चुकला ते मागे वळून पाहिल्यावर कळलं. आजार कोणता ते न पाहताच मी औषधाचा डोस वाढवला होता. ॲपमध्ये तर तिची अडचण झाकलीच जात होती. भागावर बोट ठेवलं की नाव येतं, नको असलेला थर पुसता येतो, आणि देह नेहमी सरळ उभा, तळवे पुढे. टेबलावर देह उताणा पडलेला, हात अर्धा वळलेला, आणि कधी नुसता कापलेला, कोपरापासून पुढचा हात ट्रेमध्ये आडवा.

गाठ कुठे होती

दुसऱ्या चाचणीनंतर मी तिला सांगितलं, “आज तू वाचायचं नाहीस. मी विचारेन, तू मला दाखवायचंस. आणि मराठीत बोल.” मराठीत बोल हे मी मुद्दाम ठरवून सांगितलं नव्हतं. इंग्रजीत ती पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणायची, त्याचा मला कंटाळा आला होता, एवढंच.

“ब्रेकियल आर्टरी कुठे आहे?” मी दंडातली मुख्य धमनी विचारली.

“बायसेप्सच्या आतल्या बाजूला, मॅडम.”

“दाखव.”

तिने चिमट्याने बायसेप्स उचलला, त्याच्या खाली पाहिलं, तिथली एक दोरी वर ओढली आणि म्हणाली, “ही.”

ती मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह होती, जी बायसेप्स आणि त्याखालच्या ब्रेकियालिस स्नायूच्या मधून जाते. ब्रेकियल आर्टरी तिथून दोन बोटांवर, बायसेप्सच्या धडाकडच्या कडेला, उघड्यावर पडलेली होती. स्वतःच्या दंडावर त्या कडेला बोटं दाबून धरली तर हाडावर तिचा ठोका लागतो.

“त्याच्या खाली कशाला गेलीस?”

“मॅडम, आतली म्हणजे आतच ना?”

तिची वही मागितली. पाठ्यपुस्तकातल्या शब्दांशेजारी तिने पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते, पहिल्या आठवड्यापासून. मीडियल: आतला. डीप: आतला. इंटर्नल: आतला. पुढच्या पानावर सुपीरियर: वरचा. सुपरफिशियल: वरचा. देह टेबलावर उताणा, म्हणून अँटेरियर: वरचा. इन्फीरियर, डीप, पोस्टेरियर: खालचा. डीपला दोन अर्थ होते, दोन वेगवेगळ्या पानांवर. पुस्तकात मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचा, आणि डीप म्हणजे कातडीपासून खोल.

अर्थ एकही चुकीचा नव्हता. रोजच्या मराठीत आपण असंच बोलतो. पण शरीराला तीन दिशा आहेत, शिवाय कातडीपासून आत जाणारी चौथी वाट, आणि तिच्या वहीत हे सगळं ‘आत-बाहेर’ आणि ‘वर-खाली’ या दोन जोड्यांत कोंबलं होतं. पामारिस लाँगसची कंडरा मनगटाच्या आडव्या पट्ट्याच्या वरून जाते, मिडियन नर्व्ह खालून. इथे ‘वरून’ म्हणजे कातडीच्या बाजूने. तिने ते ‘कोपराच्या बाजूला’ असं घेतलं होतं. म्हणून मागोवा घेण्यात तिला अर्थच वाटला नव्हता. तिच्या मते टाचणी मनगटाच्या ‘वर’ होती, म्हणजे ती कंडराच.

हा घोटाळा मराठीचाच आहे असं मात्र समजू नये. जुन्या युरोपीय शरीररचनाकारांनीही ‘आतला’ आणि ‘मध्यरेषेकडचा’ यांची अशीच सरमिसळ केली होती. मांडीच्या ज्या स्नायूला आज व्हास्टस मीडियालिस म्हणतात, तो पूर्वी व्हास्टस इंटर्नस होता. एकाच भागाला अनेक नावं झाल्यामुळे १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे नावांची एक मान्य यादी ठरवावी लागली. पहिल्या वर्षाला आलेली मुलगी एकटी बसून मनात तीच यादी करत होती, आणि तपासणारं कोणी नव्हतं.

पर्याय काय होते

पुढच्या सोमवारपासून वर्ग छातीच्या पोकळीकडे वळणार होता. त्यामुळे जे काही करायचं ते शनिवारच्या आत ठरवायला हवं होतं.

माझ्या एका सहकाऱ्याचं मत स्पष्ट होतं: तिला मराठीत विचार करणं बंद करायला सांगा. मीडियल म्हणजे मीडियल, त्याचं भाषांतरच नको. हे ऐकायला सोपं वाटतं, आणि काही मुलांना जमतंही. पण विचार कोणत्या भाषेत येईल हे सांगून ठरत नाही. घाईत, एका मिनिटाच्या बेलखाली, डोकं आपल्या भाषेकडेच पळतं. आणि तिथे जर ‘आतला’ हा एकच शब्द पडलेला असेल तर तोच हाताला लागणार.

दुसरा पर्याय होता, आत्ता पुढे जाऊ द्यायचं आणि अप्पर लिंब वार्षिक परीक्षेआधी पक्कं करून घ्यायचं. वेळापत्रकाच्या दृष्टीने हाच शहाणपणा. माझी भीती अशी की छातीत तीच वही पुढे चालू राहील, आणि तिथे चुका आणखी खोल रुजतील.

तिसरा पर्याय: महिनाभर मागे यायचं. छातीच्या वर्गाला बसायचं, पण घरचा अभ्यास पुन्हा हाताचा, तोही दिशांपासून. यात छाती कच्ची राहणार हे उघड होतं.

मी तिसरा सुचवला आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “मॅडम, महिनाभर हातच करू. पण लेखीत मार्क गेले तर घरी मी काय सांगू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं.

काय केलं

आधी शब्द दुरुस्त केले. वहीतले सगळे ‘आतला’ आणि ‘वरचा’ तिने स्वतः खोडले आणि त्यांच्या जागी जिथे बोट ठेवता येईल असे शब्द लिहिले: मध्यरेषेकडचा, कडेचा, डोक्याकडचा, पायाकडचा, पोटाकडचा, पाठीकडचा, कातडीलगतचा, हाडालगतचा. हातापायांसाठी धडाकडचा आणि टोकाकडचा. कोपराच्या पुढे तर ‘कडेचा’ हाही शब्द बंद. तिथे फक्त अंगठ्याकडचा आणि करंगळीकडचा. कारण पुढचा हात फिरतो. तळवा पालथा केला की रेडियस हे हाड शेजारच्या अल्ना या हाडावर आडवं येतं आणि अंगठा मध्यरेषेकडे जातो. पण अंगठ्याकडची बाजू कशीही फिरवली तरी अंगठ्याकडचीच राहते. सगळी वर्णनं माणूस उभा, तळवे पुढे, असं धरून लिहिलेली असतात हे तिला पाठ होतं. पहिल्यांदाच तिने उभं राहून, तळवे पुढे करून, प्रत्येक शब्दाला स्वतःच्या अंगावर हात लावला. हॉलमध्ये दोघंचौघं हसले. चालायचंच.

मग हाडं, पण डोळ्यांनी नाही. कापडी पिशवीत एक हाड ठेवायचं, तिने हात घालून कुठलं ते सांगायचं, आणि उजवं की डावं तेही. गळपट्टीच्या हाडाने, म्हणजे क्लॅव्हिकलने, तिला तीन दिवस छळलं. त्याचं खांद्याकडचं टोक चपटं, छातीकडचं जाडजूड, छातीकडचा दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, आणि खालच्या अंगाला लांबट खाच. या चारही गोष्टी तिला पाठ होत्या. पण उजवं-डावं ठरवायला त्या एकाच वेळी, तीन दिशांत, बोटांत धराव्या लागतात. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतलं हाड न पाहता आपल्या उजव्या खांद्याशी धरल्यासारखं फिरवलं आणि म्हणाली, “बसत नाही. डावं आहे.” ही रीत मी तिला शिकवलेली नव्हती.

त्यानंतर मनगट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला. कातडीवर लिहायच्या पेन्सिलीने तिने स्वतःच्या डाव्या मनगटावर अंगठ्याकडून करंगळीकडे ओळीने खुणा केल्या. आधी रेडियल आर्टरी, जिथे नाडी लागते. तिच्या शेजारी फ्लेक्सर कार्पी रेडियालिसची कंडरा. मग अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवलं की ताठ उभी राहते ती पामारिस लाँगस. या दोन कंडरांच्या मधल्या खोबणीत, कातडीपासून एक थर खाली, मिडियन नर्व्ह. पुढे बोटं वळवणाऱ्या कंडरांचा जुडगा, अल्नर आर्टरी, अल्नर नर्व्ह, आणि शेवटी वाटाण्याएवढ्या पिसिफॉर्म हाडाकडे जाणारी फ्लेक्सर कार्पी अल्नारिस.

खुणा करताना तिच्या लक्षात आलं की तिच्या डाव्या हातात पामारिस लाँगस आहे आणि उजव्यात नाही. दोन्ही मनगटं शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. अकराव्या स्टेशनवरचा नमुना कसा होता हे तिला तेव्हा समजलं. मग टेबलावरच्या सातही जणांची मनगटं तिने तपासली.

शेवटच्या आठवड्यात छेद. मनगट आडवं कापलं तर काय दिसेल ते पुस्तक मिटून काढायचं. कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात, नऊ कंडरा आणि एक नर्व्ह. आकडा तिला आधीही माहीत होता, पण आता प्रत्येकाची जागा द्यायची होती. छेद धडाकडून पाहिला की टोकाकडून, हे वर लिहिल्याशिवाय आकृती मी तपासायची नाही. सीटी आणि एमआरआयचे आडवे छेद रुग्णाच्या पायाशी उभं राहून पाहिल्यासारखे मांडतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. हे नंतर शिकण्यापेक्षा इथेच अंगवळणी पडलेलं बरं.

निकाल

पाचव्या आठवड्यात पुन्हा २० स्टेशनची चाचणी झाली. नमुने मुद्दाम फिरवून, उलटे, अर्धे ठेवले होते. १३ बरोबर. २० पैकी १२ स्टेशनं हाताची होती, त्यातली ११ तिने ओळखली. मिडियन नर्व्ह तिने दोनदा तपासून लिहिली. तिचा चिमटा कोपराकडे सरकताना मी लांबून पाहत होते.

छातीच्या ८ पैकी मात्र फक्त २. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते तिच्या चुकांचं कारण. नव्या शब्दांवर तिचा इतका विश्वास बसला होता की हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांनाही तिने दिशा मानलं. ही नावं दिशांसारखी वाटतात खरी, पण उजवी जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा, व्हेंट्रिकल) हृदयाच्या समोरच्या पृष्ठभागाचा बहुतेक भाग व्यापते आणि डावं अलिंद (वरचा कप्पा, एट्रियम) जवळजवळ पूर्ण पाठीकडे, अन्ननलिकेला टेकून असतं. ‘डावं’ शोधायला ती डाव्या कडेला गेली, तिथे डावी जवनिका भेटली. इथे शब्द सुधारून भागत नाही. हृदय हातात घेऊन फिरवावंच लागतं.

आणि छातीची लेखी परीक्षा: ७४ वरून ५८. दोन प्रश्न अर्धे राहिले. एक कारण अभ्यास कमी पडला हे, आणि दुसरं असं की ती आता पाठ केलेलं वाक्य न लिहिता मनात देह फिरवून लिहीत होती, आणि त्याला वेळ लागतो. वार्षिक परीक्षेत प्रात्यक्षिक आणि लेखी दोन्ही तिने पार केली. लेखीचे मार्क मात्र शेवटपर्यंत त्या ७४ ला पोचले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

ते पहिले दोन आठवडे. पाच मिनिटं तिच्या शेजारी उभं राहून “दाखव” एवढंच म्हटलं असतं तर पाचशे फ्लॅशकार्डं करावी लागली नसती. तोंडी उत्तर बरोबर आलं की आपण पुढे जातो. “बायसेप्सच्या मीडियल बाजूला” हे उत्तर ऐकून मीही दोनदा पुढे गेले होते.

छाती पूर्ण बाजूला ठेवायला नको होती. रोज एकच भाग, उदाहरणार्थ फक्त हृदय, हातात घेऊन दहा मिनिटं फिरवलं असतं तर उजव्या-डाव्याचा नवा गोंधळ झाला नसता. महिनाभर एकाच ठिकाणी थांबण्याचा निर्णय मी आजही घेईन, पण इतका कडक नाही.

मार्कांबद्दल तिला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. “माझ्याकडे उत्तर नाही” हे प्रामाणिक होतं, पुरेसं नव्हतं. लेखी घसरणार, साधारण किती घसरू शकतं, आणि एका प्रश्नाला किती मिनिटं द्यायची याचा सराव, हे सगळं निर्णयाच्या दिवशीच समोर ठेवता आलं असतं.

आणि मी फक्त तिच्याचकडे पाहत राहिले. तिच्या वहीची गोष्ट एकदा टेबलावर निघाली, तेव्हा आणखी तिघांनी आपापल्या वह्या काढल्या. दोघांच्या वहीत ‘आतला’ होता. तिसरा इंग्रजी माध्यमातून आलेला होता, त्याच्याकडे मीडियल आणि डीप दोन्हींसाठी ‘इनर’ लिहिलेलं होतं.

आता नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी, देहावरचं कापड काढण्याआधी, मी एवढंच सांगते: वर कुठे आहे ते बोटाने दाखवा. मागच्या वेळी आठांपैकी चार बोटं छताकडे गेली, तीन देहाच्या डोक्याकडे, आणि एक मुलगा हात खिशात घालून म्हणाला, “मॅडम, कशाच्या वर?” त्याला मी पुढे बोलावलं आणि तास त्याच्या प्रश्नापासून सुरू केला.